व्हिडिओत माझा हात हळू चालतो

आबा, परवा तुम्हाला मोबाईलवर पाहिलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, घरात तुमचा एकच फोटो, त्यातही तुम्ही बँडच्या रांगेत शेवटी अर्धे कापलेले, आणि परवा अचानक माझ्या तळहातावर तुम्ही अख्खे उभे, क्लॅरिनेट तोंडाला लावून. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, पण ही गोष्ट तोंडानं कोणाला सांगता येईना, म्हणून लिहितो आहे.

माझी नात सारंगखेड्याहून रोज नंदुरबारला कॉलेजात जाते. तिला मीडियाच्या विषयात लिहायला दिलंय की एखाद्या इंडी बँडचा व्हिडिओ त्यांच्या संगीताचा प्रकार कसा दाखवतो. इंडी म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाली, "ज्या बँडले मालक नही ऱ्हात, आजोबा." तिच्याच वर्गातली चार पोरं आहेत. गाणं स्वतः लिहितात, स्वतः वाजवतात, कंपनी नाही की शेठ नाही. मला तुमचा लाल कोट आठवला, पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं मालकाचं नाव भरलेला. त्या पोरांना व्हिडिओसाठी जुन्या लग्नाची कॅसेट हवी होती. हिनं मला न विचारता कपाटातली बहिणीच्या लग्नाची, म्हणजे तुमच्या लेकीच्या लग्नाची, काढून दिली. मी रागावलो तर म्हणे, "अहो, पडीच तर व्हती ती."

मग माझ्याजवळ बसून तिनं मला एकेक गोष्ट समजावली. मास्तरीण शोभेल. कॅसेटवर पडलेल्या रेघा त्यांनी पुसल्या नाहीत, कारण या प्रकारात सगळं घरी केल्यासारखं दिसावं लागतं. फोटोवाल्यानं नवरीभोवती बदामाचा आकार फिरवला होता, तोही ठेवलाय, आता तो हसू येण्यासारखा वाटतो म्हणून. गाणारा कुठेच दिसत नाही. नाचणारी माणसंही मुद्दाम गाळली आहेत. आणि सगळं हळू केलंय, इतकं की अक्षता हवेत लटकून राहतात. गाणं कोणीतरी शेजारच्या खोलीत आपल्याशीच गुणगुणावं तसं. तुमच्या बाजात उलटं होतं. जत्रेत घोडा नाचला पाहिजे, वरातीत म्हातारा उठला पाहिजे, नाहीतर मालक ओरडणार. मी म्हटलं, "पण आबा वाजवी ऱ्हायनात आनि ऐकू दुसरंच ई ऱ्हायनं." ती म्हणाली, "तेच तर शे! जे दिसस ते ऐकू येत नही, त्यामुळेच जीव तुटस." तिचं खरं असेल. कॅसेटमध्ये तरी कुठे तुमचा आवाज होता? फोटोवाल्यानं तेव्हाच वरून सिनेमाचं गाणं चढवलं होतं. तुम्ही लेकीसाठी स्वतः बसवलेली ती चाल कुठेच राहिली नाही, आबा. मला सुरुवातीच्या चार सुरांच्या पुढे येत नाही.

मग तो प्रसंग आला. तिथे पोरांनी गाणं थांबवलंय, फक्त एक बारीक गिटार आहे. तुम्ही मांडवाच्या खांबाजवळ डोळे मिटून वाजवताय. मी डावीकडून येतो. "आजोबा, कितला बारीक व्हतात तुम्ही!" म्हणत नात हसते. माझा हात पुढे येतो, पाण्यात चालावा तसा. बोटं क्लॅरिनेटवर अलगद टेकतात, ते तुमच्या ओठांपासून सुटतं, माझ्याकडे येतं. तुम्ही डोळे उघडता आणि हात तोंडावर नेता. एवढंच. गाण्यात हे तीनदा आहे.

नातीनं वहीत लिहिलेलं मला वाचून दाखवलं. "मुलगा थकलेल्या वडिलांच्या हातातून वाद्य मायेनं घेतो. वडील लाजून हसू लपवतात. या संगीताचा सगळा हळवेपणा या एका दृश्यात आहे."

आबा, ते हळू नव्हतं. पापणी लवायच्या आत झालं होतं. नवरदेवाकडच्यांना मी सांगून बसलो होतो की आमचे वडील शेती करतात. महिनाभर तुम्हाला बजावत होतो की मांडवात वाद्य आणायचं नाही, आणि तुम्ही मान हलवत होता. तरी पाठवणीच्या वेळी तुम्ही ते धोतराच्या सोग्यातून काढलंत. माझ्या मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हाऊ नवरीना बाप शे का बाजावाला?" आणि सगळी हसली. मला वाटलं आता वरात रिकामी परत जाते, बहीण जन्मभर घरात बसते. मला नेहमी पुढचं वाईटच आधी दिसतं, तुम्हाला ठाऊक आहे. "पुरं करा आबा, लोक हाशी ऱ्हायनात," म्हणत मी आलो. तुम्ही वाजवता वाजवताच नुसती नाही म्हणून मान हलवलीत आणि मी हिसकलं. तुमचा ओठ फुटला. हात तोंडावर नेलात तो रक्त लपवायला, लेकीला दिसू नये म्हणून. मग हळूच मला म्हणालात, "एवढं कडवं पुरं व्हऊ देतास, भाऊ." वरात कुठेही गेली नाही. बहिणीचा संसार चांगला झाला, तिच्या सासऱ्यानं पुढे कधी तो विषयही काढला नाही. तुम्ही मात्र त्यानंतर क्लॅरिनेट तोंडाला लावलं नाही आणि मला कधी बोललाही नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

"बरोबर शे ना, आजोबा?" नातीनं विचारलं. "आनि तेव्हा पणजोबा काय बोलनात?" ती पेन उघडून बसली होती. मी म्हणालो, "बोलनात, 'ले भाऊ, मन्हा दम सरना.'" तिनं तुमच्या नावावर ते लिहून घेतलं. डोळे पुसले पोरीनं.

आज दुपारी ती वही कॉलेजात देणार आहे. हे पत्र म्हणायला तुम्हाला, पण खरं म्हणजे पहाटे उठून तिच्या वहीत ठेवायला लिहायला घेतलं होतं. तिला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली. ती डबा घेऊन "येते आजोबा" म्हणाली तेव्हा मी कागदावर वर्तमानपत्र ओढलं. बस गेली. बारा वाजायचे आहेत, अजून फोन करून सांगता येईल. त्यासाठीच मघाशी मोबाईल हातात घेतला होता, आणि व्हिडिओ लावून बसलो. सकाळपासून ही सहावी वेळ. त्यात मी चांगला मुलगा दिसतो, आबा.