लिंडनचं झाड कोणाला द्यावं

...म्हणून काल तू म्हणालास ते अर्धंच बरोबर आहे, श्यामकांत. नाझी लोक झाडाभोवती जमायचे, हे खरं. पण झाडाभोवती जमणारा प्रत्येक जण नाझी असं धरलं, तर दर ज्येष्ठ पौर्णिमेला आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांना अटक करावी लागेल. बाकीचं वादाचं नंतर बघू. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर बहुतेक पेशंट घरी जातात. त्यांचं "बहुतेक" ऐकलं आणि मी कागद मागवला.

तर, मी विनय आत्माराम तांबट, वय सत्तावीस, मूळचा पुण्याचा, हॅनोव्हरला इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करत होतो आणि आशा आहे की पुढेही करीन. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि ती परवा उघडणार आहेत. हे मी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहितोय. इथल्या कायद्याला एवढं पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदार नसलेल्या कागदावर बाबा विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून दोन घेतलेत. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, तेव्हा बोलतो तसंच लिहितो. आधी कुठलं मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल तर ते रद्द.

कलम १. मला अग्नी द्यावा. इथे राख घरी नेऊ देत नाहीत आणि झाडाखालीही टाकू देत नाहीत, दफनभूमीतच ठेवावी लागते. त्यावर भांडू नये. माझा मित्र श्यामकांत याने आरती म्हणावी, पाठ असेल तिथपर्यंत.

कलम २. सायकल, स्लाइडरूल आणि ओव्हरकोट इंडियन स्टुडंट्सच्या हॉस्टेलला. श्यामकांत साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, हे त्यानेच त्याच्या वकील काकांच्या हवाल्याने मला सांगितलं. त्यामुळे त्याला काही नाही. कुकर आपल्यातल्या लतिकाला. गेल्या दिवाळीत सगळ्यांसमोर माझ्या पोह्यांना ती "इंजिनिअरिंग मटेरियल" म्हणाली होती, ते मी विसरलेलो नाही. तरी कुकर तिलाच.

कलम ३. तांब्याचा तांब्या बाबांना परत पाठवावा, त्यांनीच ठोकलेला आहे. सोबत लिहावं की मी ख्रिस्ती झालो नाही. मी रविवारी काही जर्मन लोकांबरोबर प्रार्थनेला जातो एवढंच त्यांच्या कानावर गेलं आणि ते काय समजायचं ते समजले. आम्ही रविवारी जायचो, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

कलम ४. आता स्थावर. डाइस्टरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी माझ्या नावावर एक कुरण आहे. त्यात एक झरा आणि एक जुनं लिंडनचं झाड. ते मला माझ्या घरमालकीणबाई फ्राऊ टीडं यांनी दिलं. का दिलं हे लिहिणं भाग आहे, नाहीतर लोकांना वाटेल मी म्हातारीला फसवलं.

एकसष्ट साली मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो. पत्ता नोंदवायला गेलो तर क्लार्कने विचारलं, "प्रोटेस्टंट की कॅथलिक?" मी म्हटलं, हिंदू. त्याने यादी वरून खाली पाहिली आणि लिहिलं, "झोन्स्टिगं". म्हणजे इतर. घरी सांगितलं तर फ्राऊ टीडं म्हणाल्या, "मीपण तीच. आता या मजल्यावर आपण दोघं इतर झालो."

त्या ख्रिस्ती धर्माच्या आधीचे जुने जर्मन देव मानायच्या. मानायच्या म्हणजे काय, हे मी उत्साहाने शंभरदा विचारलं असेल. "तुमचा विश्वास नक्की कशावर आहे?" त्या म्हणाल्या, "विश्वास वगैरे पाद्र्यांचं काम. आम्ही जातो." मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मीपण गेलो. त्यांचं एक रजिस्टर्ड मंडळ होतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, वर्गणी, भांडणं, सगळं आपल्यासारखं. झऱ्याला गुड मॉर्निंग म्हणायचं, झाडाला बिअर घालायची, मग केक. गावातला बेकर त्यांना नाझी म्हणायचा, पाद्री सैतानाचे म्हणायचा, आमचे एक प्रोफेसर म्हणायचे की हे पिकनिकवाले आहेत. तिघांपैकी एकही कधी तिथे आलेला नव्हता.

श्यामकांत, तुझ्या शंकेचं उत्तर फ्राऊ टीडंनीच दिलं होतं. त्यांचा मुलगा युद्धात रशियात मारला गेला. पेपरातल्या बातमीत त्याच्या जन्मतारखेआधी आणि मृत्यूच्या तारखेआधी त्या जुन्या देवांच्या काळच्या लिपीची एकेक खूण छापली होती, नाझींची तेव्हा तशीच पद्धत होती. त्या म्हणाल्या, "आमच्या खुणा नेल्या, मुलगा नेला. युद्ध संपल्यावर खुणा परत मिळाल्या. हातात घ्यायला नको वाटतात." त्यांच्या घरात एकही खूण नव्हती. झाड तेवढं होतं.

बासष्टच्या जूनमध्ये त्यांचा वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण आणि आपली वटपौर्णिमा अगदी जवळजवळ आल्या. मी मंडळाला सांगितलं, आमच्याकडे या दिवसांत बायका झाडाला दोरा गुंडाळतात. त्यांना फार आवडलं. बाप्ये लोकसुद्धा गुंडाळायला लागले. फ्राऊ टीडंनी अर्ध्यात विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून. त्या थांबल्या. "ओट्टो? आणखी सात?" मग म्हणाल्या, "एकदा झालं तेवढं पुरे," आणि उरलेला दोरा झाडाच्या तब्येतीसाठी गुंडाळला. घरी आल्यावर तू मला म्हणालास की विधवा हे करत नाहीत. मी म्हटलं, तू जाऊन सांग.

पुढच्या वर्षी अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूझेमार्क यांनी भाषण केलं. ते रिटायर्ड मास्तर आहेत. ते म्हणाले, झाडाला दोरा गुंडाळणं ही प्राचीन सॅक्सन प्रथा आहे. मला अभिमान वाटला, एका वर्षात प्राचीन होणं सोपं नसतं. पुढे ते म्हणाले, म्हणून नियमावलीतलं चौथं कलम आता पाळायला हवं. ज्यांनी आजी-आजोबांपर्यंत जर्मन वंशाचे कागद दिलेत, त्यांनीच दोरा गुंडाळावा.

माझी अडचण त्यांच्या लक्षात आली. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही आर्य आहात, काहीतरी करता येईल. ब्राह्मण ना?" मी म्हटलं, तांबट. भांडी ठोकतो. ते खरंच दुःखी झाले. मला पाहुणा म्हणून उभं राहायची परवानगी मिळाली.

हे तुला सांगितलं तेव्हा तू हसलास. "मी आलो असतो तर चाललं असतं." मी म्हटलं, चाललंच असतं. तुझ्या धाकट्या भावाच्या मुंजीत आमची पंगत मागच्या अंगणात होती. तू हसायचा थांबलास आणि चहा केलास. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. चहा पांचट होता, एवढंच.

भाषणाच्या त्याच दिवशी हनेलोऽरंचेही कागद मागितले. ही बेकरीत काम करणारी मुलगी, आईचं बोट धरून चालायच्या वयापासून मंडळात येते. पंचेचाळीस सालचा जन्म. शेतावर राबायला आणलेल्या एका पोलिश माणसाची मुलगी, असं गावात कुजबुजतात. कागदावर बापाची जागा रिकामी आहे. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "बरं, मग मी झाडाच्या पलीकडे उभी राहते." पलीकडे नुसती झुडपं आणि चिखल. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने फ्राऊ टीडं केक घेऊन आल्या आणि आमच्यात उभ्या राहिल्या. क्रूझेमार्क म्हणाले, "फ्राऊ टीडं, नियमावली." त्या म्हणाल्या, "नियमावली मी कधी वाचली नाही. कुरण माझं आहे आणि केकपण."

या जानेवारीत त्या गेल्या. कुरण माझ्या नावावर केलं होतं.

कलम ५. मी काही न लिहिता मेलो तर कुरण बाबांकडे जाईल आणि बाबा ते पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला विकतील. पहिलं गिऱ्हाईक तयार आहे. हेर क्रूझेमार्क मंगळवारी हॉस्पिटलमध्ये द्राक्षं घेऊन आले होते. आधी झडपेची चौकशी केली, मग सातबाऱ्याची. द्राक्षं चांगली होती.

कलम ६. म्हणून झाड, झरा आणि कुरण हनेलोऽरंला. तिच्याकडून कसलाही कागद मागू नये.

कलम ७. हेर क्रूझेमार्क यांनी, किंवा मंडळाचं चौथं कलम मानणाऱ्या कोणीही, या कुरणात पाय ठेवू नये.

व्यवस्थापक: श्यामकांत.
साक्षीदार: १. श्यामकांत. २. श्वेस्टर एल्फ्रीडं, वॉर्डच्या नर्स. त्यांना मराठी वाचता येत नाही, माझी सही पाहून सही करतील. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. कोणाला पोहोचेल ते वर ठरवतील."

हॅनोव्हर, १५ ऑक्टोबर १९६४.

सहीची जागा अजून रिकामी आहे. दुपारी हनेलोऽरं आली होती, तिला मी कलम सात जर्मनमध्ये वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग फाटकावर उभं राहून कोण काय मानतं ते कोण तपासणार? मी?" ते कलम काढलं तर क्रूझेमार्क सगळं मंडळ घेऊन येतील आणि वर्षभरात ती पुन्हा चिखलात उभी असेल. ठेवलं तर तिच्या हातात मी तेच देतोय, जे त्यांच्या हातात होतं. श्यामकांत, संध्याकाळी येशील तेव्हा सहीला तुझं पेन आण आणि खरं सांग, तुला काय वाटतं, सातवं कलम ठेवू की खोडू?