हसूनाचा समुद्र

करकना बेट,
५ मार्च २००९

चि. तिजानीस मबरूकाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबांच्या वाटणीच्या समुद्रात यंदाही मासे अडवायला खजुराच्या झावळ्यांचं कुंपण उभं केलं. काल सापळा उपसला तर थोडे खेकडे आणि एक प्लास्टिकची पिशवी. ट्रॉलरवाले दिवसाढवळ्या येतात, तळ खरवडून नेतात. समुद्रगवत उरलं नाही, मग मासा अंडी घालणार कुठे?

स्फाक्स शहरातून लस्सादसाहेब म्हणून एक गृहस्थ आले होते. त्यांची संस्था गावकऱ्यांनाच छोटी अनुदानं देते, आपला समुद्र आपण राखावा म्हणून. फरहातकाकांनी समिती केली आणि मला चिटणीस केलं. अर्ज फ्रेंचमध्ये हवा. तू मार्सेयला त्या भाषेत भाजी घेतोस, तर अर्जही लिहिशील.

दुसरी बातमी कडू आहे. आपला धाकटा हसूना एका मालकाच्या ट्रॉलरवर लागला. मी म्हटलं, आपलाच समुद्र खरवडायला जातोस? तर म्हणतो, ताई, गवत तू खा, मला लग्न करायचंय. मी त्याच्याशी बोलत नाही. भाकरी मात्र बांधून देते.

आई तुझी वाट बघते. तब्येतीला जप आणि आमच्यावर माया ठेव.

तुझी,
मबरूकाताई


मार्सेय,
२ एप्रिल २००९

ती. मबरूकाताईस तिजानीचा सलाम, वि. वि.

अर्ज सोबत पाठवतो आहे. चिटणीसबाईंनी सही तेवढी करावी, आणि यापुढे मला भाजीवाला म्हणू नये.

मी त्यात ट्रॉलरची जाळी अडवायला काँक्रीटचे ठोकळे मागितले आहेत. नुसते ठोकळे टाकाल तर ते लोक ओढून नेतील, म्हणून त्यांना चहूबाजूंनी लोखंडी सळया ठेवा. इकडच्या कोळ्यांनी तसंच केलं आहे. एकदा जाळं फाटलं की ट्रॉलरवाला पुन्हा तिकडे फिरकत नाही, असं ते सांगतात.

हसूनावर फार चिडू नकोस. फोनवर मला म्हणाला, दादा, ताई रागावते पण भाकरीला तेल जास्त लावते. आईला सलाम सांग. धाकट्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
तिजानी


करकना बेट,
२४ सप्टेंबर २००९

चि. तिजानीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

ईद मुबारक. तुझ्या अर्जाला यश आलं. उन्हाळाभर आम्ही बायकांनी किनाऱ्यावर सिमेंट कालवलं. पुरुषांनी ठोकळे तराफ्यावरून नेऊन खोल पाण्यात सोडले. जागा कुठल्या ते बाहेर कोणाला सांगायचं नाही, अशी समितीत सगळ्यांनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. जागा कळल्या तर ते लोक ठोकळ्यांमधला तळ खरवडतील, असं काकांचं म्हणणं. मलाही ते पटलं.

ईदला हसूना आला होता. आईसाठी शाल आणली. जेवताना हसतच म्हणाला, ताई, तुझे ते दगड कुठे कुठे आहेत ते सांग की. मी म्हटलं, ट्रॉलर सोड, मग सांगते. तो म्हणाला, लग्न झालं की सोडतो. मग आईने खरबूज कापलं आणि विषय तिथेच राहिला. आता मी त्याच्याशी बोलते. मुलगी रमला गावची आहे, दिसायला त्याच्यापेक्षा बरी.

तू पुढच्या ईदला तरी ये. असाच जीव लावत राहा.

तुझी,
मबरूकाताई


करकना बेट,
११ नोव्हेंबर २००९

चि. तिजानी,

काकांनी तुला फोनवर कळवलंच. कसं झालं ते मात्र तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

भर दुपार होती, दक्षिणेचा वारा सुटला होता. हसूनाच्या ट्रॉलरचं जाळं आमच्या ठोकळ्यांत अडकलं. तांडेल जाळं कापायला तयार होईना, नवं होतं म्हणे. इंजिन ताणून ओढत राहिला. मागून लाट चढली आणि होडी उलटली. बाकीचे पोहून बाहेर आले. हसूना खाली इंजिनाजवळ होता.

त्यांना वाचवायला पहिले धावले ते आपल्याच गावचे, काकांची होडी घेऊन. हसूनाला काकांनीच पाण्याबाहेर काढलं. बाबांच्या कबरीशेजारी त्याला ठेवलं आहे.

आई रडत नाही. नुसती बसून असते. मला आणखी लिहवत नाही.

मबरूका


मार्सेय,
३ डिसेंबर २००९

ताई,

तुझं ईदचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. ट्रॉलर सोड, मग सांगते. भावाशी कोणी असा सौदा करतं? तो हसत विचारत होता म्हणून तुला ती थट्टा वाटली का? शपथ कुराणावर घेतलीस, पण तो आपल्या आईच्या पोटचा होता.

आणि सळया मी सुचवल्या. त्या हाताने आता हे लिहितो आहे: ते ठोकळे उचला. एकही ठेवू नका. काकांना सांग, लस्सादसाहेबांना सांग. ते काढल्याशिवाय मी बेटावर पाऊल ठेवणार नाही.

आईला काय लिहू ते सुचत नाही.

तिजानी


करकना बेट,
१८ फेब्रुवारी २०१०

चि. तिजानीस आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते मी स्वतःला रोजच म्हणते, त्यामुळे नवं काही लागलं नाही.

काका सगळ्या समितीला घेऊन घरी आले. म्हणाले, पोरी, तू म्हणशील तर तराफा आणून सगळे ठोकळे काढू, लस्सादसाहेबांचीही हरकत नाही. मी म्हटलं, आधी मला तिथे न्या. पाणी नितळ होतं. ठोकळ्यांभोवती गवत धरलं आहे, तिजानी. त्यात बोटाएवढ्या माशांचे थवे होते. मी तराफा नको म्हटलं. हसूना परत येणार असता तर ठोकळे दातांनी उपटले असते.

पण शपथ मोडली. प्रत्येक ठोकळ्यावर लाल बोया बांधायला लावला आणि जागांचा नकाशा स्फाक्सपर्यंतच्या सगळ्या बंदरांवर चिकटवला. काका ओरडले, आता ते मधला तळ खरवडतील. मी म्हटलं, खरवडू दे. आणि ते खरवडतातच. दोघं समिती सोडून गेले, रस्त्यात भेटले तर मान फिरवतात. मी चिटणीस आहे तशीच आहे.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. परवा आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. मी तिचे केस विंचरत होते. तिने विचारलं, हसूनाला त्या जागा ठाऊक होत्या ना गं? तू त्याला सांगितलं होतंस ना? मी हो म्हटलं. त्याला सगळं ठाऊक होतं, पण वाऱ्याने होडी भरकटली, असं सांगितलं. तिने माझा हात धरला, म्हणाली, मला वाटलंच, तू सांगितल्याशिवाय राहणार नाहीस. मग चूल पेटवायला उठली.

ती तुलाही विचारेल. तेव्हा तूही हेच सांग.

लोभ असावा असं लिहायला माझा हात धजत नाही. राग असू दे, पण ये.

मबरूका