बाळंतिणीच्या कानातला कापूस

मी भिवाजी गेणबा ढमाले, राहणार ताम्हिणी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, धंदा शेती, वय साठीच्या पुढे. दम लागतो आणि उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोके ठिकाणावर आहे, आणि कोणी दाब टाकला म्हणून लिहून देतो आहे असे नाही. पौडचे हाफीज चाँदभाई माझ्या सांगण्याप्रमाणे हे मृत्युपत्र लिहीत आहेत. दोनदा त्यांनी विचारले की हे कायद्यात बसत नाही, गाळू का. मी गाळू दिले नाही.

कलम १. डोंगरउताराची जमीन वडिलोपार्जित आहे. ती रीतीप्रमाणे माझा एकुलता एक मुलगा जयसिंग याच्याकडे जाईल. बैलजोडी, गाडी आणि औतेही त्यालाच. थोरल्या बैलाला तो पराणी फार मारतो, ते बंद करावे.

कलम २. ओढ्याकाठचे भाताचे खाचर मी स्वतःच्या कष्टाने घेतले आणि राहते घर मी स्वतः बांधले. ही दोन्ही माझी सून चंद्राबाई, भ्रतार जयसिंग, हिला देत आहे. तिला या घरातून घालवण्याचा हक्क कोणाला नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. नात साळू हिने आईपाशीच राहावे. मूल काही मृत्युपत्राने देता येत नाही असे हाफीजभाई म्हणतात. त्यांचे बरोबर असेल. तरी माझी इच्छा म्हणून लिहून ठेवावे.

चंद्राबाई बहिरी झाली म्हणून जयसिंगने तिला कायमची माहेरी पाठवायचे ठरवले आहे. पोर मात्र ठेवून घ्यायची म्हणतो. चुलीवर दूध उतू गेले तरी हिला कळत नाही, हाक मारली तर वळत नाही, असे तो चारचौघांत सांगतो. तो बोलतो ते खोटे नाही. पण ती बहिरी कशाने झाली हे त्याला ठाऊक नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून पुढचे कलम.

कलम ३. माझ्याकडे लायसनची दुनळी बंदूक आहे. घर गावापासून लांब आणि घाटवाटेला लागून, म्हणून घेतली. सन १९५७ च्या खंडेनवमीला ती पूजेला मांडली होती. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला नथू दिघे त्या दिवशी घरी आला होता. त्याने मला चांगुलपणाने सांगितले की घरातून बार काढायची वेळ आली तर आधी कानात मेणात घोळलेला कापूस घाल, घरच्यांनाही घाल, बंद खोलीत बारूद फार वाईट. त्याने तसले बोळे एका डबीत घालून आणलेही होते. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "का रं नथू, पलटनीत तुला बाळंतीन करून बसवलं हुतं काय?" लोक हसले. तो डबी घेऊन गेला आणि पुन्हा माझ्या ओट्यावर चढला नाही.

त्याच साली कापणीच्या दिवसांत सगळे खाचरात होते. घरी मी आणि चंद्राबाई. ती खरोखरची बाळंतीण, साळूला जेमतेम पंधरवडा झाला होता. रिवाजाप्रमाणे डोक्याला फडके आणि कानांत कापूस. वारा लागू नये म्हणून खोलीची दारे-खिडक्या लावलेल्या. भरदुपारी तीन माणसे गोठ्यात शिरून जनावरे सोडू लागली. गोठ्यावर नजर पडते ती फक्त तिच्या खोलीच्या खिडकीतून. मी बंदूक घेऊन आत गेलो, खिडकीची फळी ढकलली आणि बाजेच्या उशाशी उभा राहून नेम धरला. 'कान झाक' एवढे दोन शब्द बोलायला वेळ होता. मी बोललो नाही.

चंद्राबाईने बंदूक पाहिली, स्वतःच्या कानांतला कापूस उपसला आणि पोरीच्या कानांत कोंबला. वर तिचे डोके दोन्ही हातांनी दाबून धरले. स्वतःच्या कानांसाठी तिच्याकडे हात उरले नाहीत. हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले आणि तरी चाप ओढला.

पहिल्या बाराला ते तिघे पळाले. दुसरा बार काढायची काही गरज नव्हती. तो मी हौसेने काढला.

तिच्या कानांतून रक्त आले. मंडळी धावत येण्याआधी पोरीच्या कानांतला कापूस मी काढला आणि चुलीत टाकला, आणि बार अंगणातून काढला असे सांगितले. मग सुईण म्हणाली, बाळंतिणीने कानांतला कापूस काढला, वारे शिरले, आता काय करायचे. मी मान डोलावली. चंद्राबाई म्हणत होती की बार उशाशी झाला. तिला तापात भास झाला असे ठरले, आणि तिला काय ठरले ते ऐकू येत नव्हते. जयसिंग आजही म्हणतो की हिने आपल्या हाताने आपले कान घालवले. मी समोर बसून जेवत असतो. गावात माझी फुशारकी अजून चालू आहे. मला त्या घासाची लाज वाटते.

कलम ४. बंदूक माझ्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा करावी. पुढे जयसिंगला लायसन मिळाले तर त्याने ती आधी नथूपुढे नेऊन ठेवावी आणि त्याच्याकडून शिकून घ्यावे. बंदुकीबरोबर मेणकापसाचे बोळे घरात जेवढी माणसे तेवढ्यांचे ठेवावेत. आधी माणसांचे कान, मग चोर. बंद खोलीतून बार काढू नये. चोर गोठ्यातली जनावरे नेतो म्हणाला तर नेऊ द्यावीत.

कलम ५. माझा गरम कोट नथूला द्यावा. त्याने तो घेतला नाही तर आग्रह करू नये.

कलम ६. हे पाकीट लाखेने बंद करून पेटीत ठेवायचे आणि मी गेल्यावर उघडायचे, असा माझा बेत होता. इथपर्यंत लिहून झाल्यावर चंद्राबाईला समोर बसवून, ओठ सावकाश हलवून, सगळे सांगितले. घर आणि खाचर तिचे, हे तिला कळले. मग ती म्हणाली, "मामंजी, तुमी गेल्यावर ह्ये कोन वाचनार, आन मला कोन सांगनार? माझा बा गाडी घिऊन आज आलाय. आजच सांगा."

तिचे वडील, माझे व्याही कुशाबा, रिह्याहून गाडी घेऊन सकाळीच आले होते. तिचे गाठोडे गाडीत पडले होते. जयसिंग साळूला कडेवर घेऊन बाजूला उभा होता. मी अंगणात गेलो आणि बोललो. काय बोललो ते मलाच नीट ऐकू आले नाही, कारण मी जमिनीकडे बघत होतो. चंद्राबाई पुढे आली आणि म्हणाली, "मामंजी, मान वर करा. मला दिसंना."

मग मी मान वर करून पुन्हा सांगितले. बार मी घरातून काढला, हिच्या उशाशी. हिने आपला कापूस पोरीला दिला. ही पहिल्यापासून खरे बोलत होती. माझे होईपर्यंत तिने माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.  जयसिंगने साळूला खाली सोडले, आणि ती आईकडे गेली.

तेव्हा पाकिटाला लाख लावू नये. वरील मजकूर हाफीजभाईंनी माझ्या डाव्या कानाशी मोठ्याने वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. खाली निशाणी डाव्या अंगठ्याची.

भिवाजी गेणबा ढमाले

साक्षीदार:
१. नथू दिघे, पेन्शनर, ताम्हिणी. बोलावल्यावर आले.
२. कुशाबा शेलार, रिहे. मुलीला न्यायला आले होते, साक्षीला थांबले. गाडी रिकामी परत नेत आहेत.

लिहिणार: हाफीज चाँदभाई, पौड
मुक्काम ताम्हिणी, माघ शुद्ध पक्ष, शके १८८०, तारीख ११ फेब्रुवारी १९५९