मोठ्या डॉक्टरांना मीच सांगितलं

गुरुवार, ता. १२

लाडके ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे आपापल्या जागी आहेत. अक्षर वेडंवाकडं येईल, चौथीपुढे शाळा कुठे पाहिली मी!

बाळासाठी तीन टोपडी विणली. तिसऱ्याची लोकर मधेच संपली, म्हणून त्याला कान वेगळ्या रंगाचे. शेजारीण म्हणते, "पणतू येणार की मांजर?" येऊ दे मेलीला हसू. पणजी होणार मी! आनंद पोटात मावत नाही.

म्हणजे, मावत नव्हता.

तुझ्या आईकडून कळलं, हृदयाच्या विभागातली तू मागितलेली ती कायमची जागा दुसऱ्याला दिली. तसा दवाखान्यातून फोन आला, तर तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि ड्यूटीवर गेलीस. माझ्याशी तर वीस दिवसांत एक शब्द नाही.

तर लिहितेच. छाती तपासायला तुझ्या दवाखान्यात आले होते ना, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "आजी, नात तुमची हिरा आहे." मी फुगले. म्हटलं, "अहो, हिऱ्याला चौथा महिना लागलाय! तो एक्स-रेसाठीचा शिशाचा जड एप्रन घालून तासन्‌तास उभी असते, जरा बसू द्या तिला." ते हसले. "अस्सं? आम्हाला बोलली नाही." आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझंच औषध.

तू बजावलं होतंस, "मुलाखत होईपर्यंत कुणाला नाही हं, आजी." मला वाटलं, कुणाला म्हणजे शेजारीपाजारी. डॉक्टरांपासून कुणी पोट लपवतं का गं?

काल पुन्हा गेले. म्हटलं, "म्हातारीला भ्रम झाला होता, पोरीला दिवसबिवस गेले नाहीत." ते म्हणाले, "आजी, आता दिसतंय हो. आणि जी सहा महिने रजेवर जाणार, तिला घेऊन आम्ही काम कसं चालवायचं?" टेबलावर त्यांची तीन मुलं फोटोत हसत होती. मी उठले. रडूही आलं नाही. घरी येऊन भांडी घासली, ती आधीच घासलेली होती.

माफ कर असं लिहीत नाही. ते वाचून तुलाच "असू दे, आजी" म्हणावं लागेल. त्यापेक्षा ये आणि मला फाडून बोल. बाळ झालं की तू कुठल्याही दवाखान्यात कामाला लाग, त्याला मी सांभाळते. माझ्या हातात द्यायचं नसेल, तर तेही तोंडावर सांग.

तुझी बातमी तुझ्याआधी सांगून बसलेली,
आजी