अष्टमीचं उधाण

बाबा, इतिहासाचा पेपर नऊ दिवसांवर आलाय आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा हा शेवटचा विषय. तो सुटला तरच जासईच्या कंटेनर यार्डात इन्चार्जची जागा मला मिळणार. कस्टमची कागदपत्रं, संगणक, इंग्रजी पत्रं, सगळं मी कुणाला न विचारता शिकलो. पण हे गाईड लिहिणारे महाभाग. म्हणे, मिठागरात खाडीचं पाणी उकळून मीठ करत. उकळून? उन्हाने काय पाप केलंय? लाल पेनाने समासात दुरुस्ती केली, तशा एकाच धड्यात अकरा झाल्या.

आज सकाळी तुमची नात खारघरच्या कॉलेजला जायच्या गडबडीत डबा भरत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही अभ्यास करताय की गाईड तपासताय? छापलंय ते लिहा आणि पास व्हा." मग झाकण लावता लावता, "आजोबांनी तेव्हा तुम्हाला बांधावर नेलं नसतं ना, तर पन्नाशीत ही वेळच आली नसती."

मी चहा पीत राहिलो.

तो दिवस मला बारीकसारीक तपशिलासकट आठवतो. दहावीचा इतिहासाचा पेपर. वाचन काहीच झालेलं नाही, म्हणून शाळेची वाट सोडून मी मिठागराकडे वळतो. तुम्ही चिखलात उभे राहून बांध लिंपताय. विचारता, "आज पेपर नाय का तुजा?" मी सांगतो, पुढे ढकलला. तुम्ही फावडं माझ्या हातात देता.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. पोराचं वर्ष बुडवलंत म्हणून तुम्हाला नको नको ते ऐकवलं. टोपी हातात घेऊन तुम्ही उभे. माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "मीच नेला त्याला. उधाण व्हता, बांध फुटला असता."

सर घाटावरचे, त्यांना पटलं. पण बाबा, त्या दिवशी अष्टमी होती. उधाण यायचं अमावास्या-पुनवेला. अष्टमीची भरती ती केवढी, बांधाच्या पायालाही धड लागत नाही. आपल्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. खोटंच बोलायचं तर तिथी तरी बघायची. बरं, घरी आल्यावर माझ्या दोन थोबाडीत द्यायच्या, मी मोकळा झालो असतो. तेही नाही. जेवताना तुमच्या वाटणीचा, कालवणातल्या जिताड्याचा तुकडा माझ्या ताटात टाकलात आणि विषय संपवलात. मग मीही तुमचंच ते उधाण सांगत सुटलो. बायकोला, यार्डात, मुलीला. दर वेळी पाणी वीतभर वर चढवून.

आज तिने तुम्हाला बोल लावला तेव्हा लाल पेन माझ्या हातातच होतं.

हे सरावाच्या वहीत लिहितोय. संध्याकाळी ती आली की काय सांगायचं, तेही मागच्या पानावर दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा तिथी अमावास्याच लिहिली.