दूरवर बघण्याचा व्यायाम

४ जानेवारी १९८८, सोमवार
ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून डोळ्यांची वाट लागली आहे. दिवसभर काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. संध्याकाळी भांडुपला उतरलो तरी पांढऱ्या भिंती गुलाबी दिसतात. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून खिडकीबाहेर लांब बघा, पापण्यांची उघडझाप करा. नंबरही तपासू म्हणाले. नको म्हटलं. दोष मशीनचा आहे, माझ्या डोळ्यांचा नाही.

५ जानेवारी
व्यायाम सुरू. समोरच्या इमारतीत, अगदी माझ्या नाकासमोर, खिडकीत एक मुलगी. तीही कॉम्प्युटरवरच. थेट माझ्याकडे बघत होती. मी उघडझाप केली. तिनेही केली!

८ जानेवारी
रोज बघते. लाजत नाही, नजर हटवत नाही. झकास धीट आहे.
साहेबांनी विचारलं, "सहदेव, आज एन्ट्री होणार की नाही?" म्हटलं, डोळ्यांना आराम देतोय, डॉक्टरांचा सल्ला. म्हणाले, आराम घरी द्या. या माणसाला आरोग्याचं काही नाही.

१० जानेवारी, रविवार
आईने कणकवलीचं स्थळ आणलं. नाव प्रेमा. फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. छान आहे. पण माणसाने प्रामाणिक असावं. आईला म्हटलं, माझं ठरल्यात जमा आहे. तिने नाव विचारलं. अजून कळलं नाही, म्हटलं.
"मेल्या, नाव म्हायत नाय, नि ठरला कसा?"
फोटो मावशीकडे गेला, तिच्या लवूसाठी.

१५ जानेवारी
निळा शर्ट, कडक इस्त्री. हात वर केला. तिनेही केला. केस सारखे करायला असेल, पण वेळ बघा ना!

१९ जानेवारी, मंगळवार
खाली चहाच्या टपरीवर गाठलं. मैत्रिणीने हाक मारली, त्यामुळे नाव कळलं: उत्तरा. डोळ्यांवर जाड चष्मा. खिडकीत कधी नसतो. म्हटलं, मी समोरच्या खिडकीतला, आपण रोज बघता तो.
आधी गोंधळली, मग हसायलाच लागली. "अहो, डॉक्टरांनी चष्मा काढून लांब बघायला सांगितलंय. चष्म्याशिवाय मला समोर नुसतं पांढरट दिसतं. तिथे माणसं बसतात होय?"
डोळ्यांची काळजी घेणारी मुलगी. विचार जुळतात. शिवाय आता ओळख झाली.

२० जानेवारी
तिच्या खिडकीला पडदा. उन्हाची तिरीप स्क्रीनवर येत असणार.

२२ जानेवारी
पडदा आजही. ढगाळ होतं तरी.

२४ जानेवारी, रविवार
बराच विचार करून आईला म्हटलं, प्रेमाचा फोटो परत मागव, पुन्हा नीट बघतो. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, परवाच सुपारी फुटली. "लवूक डोळे आसत."
मावशीचा निरोपही आहे. लग्नात व्हिडिओवाल्याचा दिवा धरायला माणूस हवा, सहदेव मोकळाच आहे. तेवढ्या उजेडात डोळ्यांचं काय होईल, हा विचार कोणीच करत नाही. काळा गॉगल घ्यावा म्हणतो.