काय घेणार, जावईबापू?

२२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

आजपासून टॅमरॅक पॉइंट या आमच्या हॉटेलचा बार माझ्या हातात. सासरेबुवांच्या खुब्याचा सांधा बदललाय, ईस्टरपर्यंत उभं राहून काम करायला बंदी. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले, शुक्रवारी मटण बंद, म्हणजे दर शुक्रवारी अख्खं गाव तळलेले मासे खायला आमच्याकडे. सासरेबुवा म्हणाले, ईस्टरपर्यंत तू बघ, मग किल्ल्या कुणाला द्यायच्या ते ठरवू. कुणाला म्हणजे? एकुलती एक मुलगी आणि तिचा मी एकुलता एक नवरा.

संकल्प दोन. या गावाला खरं ओल्ड फॅशन्ड कॉकटेल प्यायला शिकवायचं. आणि बरणीतल्या चेरी खायच्या नाहीत.

सगळं जग ओल्ड फॅशन्ड व्हिस्कीत करतं. विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडीत! ग्लासात संत्रं आणि चेरी चेचायची, वरून लिंबाचा गोड सोडा. काही महाभाग तर लोणच्यातलं मशरूम टाकतात. मी केंटकीचा. व्हिस्की आमच्या रक्तात आहे. (वडील बूट विकायचे आणि ताक प्यायचे. तरी रक्त ते रक्त.)

संध्याकाळ.

मनातलं लिहितो. सासरेबुवा गिऱ्हाइकाला कधी विचारत नाहीत. माणूस दारात बुटांवरचा बर्फ झटकतोय तोवर त्याचा ग्लास तयार. मला मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रोज विचारतात, काय घेणार, जावईबापू? हायवेवरून वाट चुकून आलेल्याला विचारावं तसं. मीही रोज सांगतो, व्हिस्की, साखर कमी, बाकी काही नको. ज्या दिवशी न विचारता माझ्यापुढे ग्लास ठेवतील, त्या दिवशी मी या घरचा. किल्ल्यांचं नंतर बघू.

चेरी: चार. उद्यापासून बंद.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार.

ब्रँडीचे खोके तळघरात नेऊन ठेवले. गिऱ्हाइकांना सांगितलं, वरूनच माल येत नाहीये. अर्डिस म्हणाली, बाबांना विचारलंस का? म्हटलं, पेशंटला त्रास देऊ नये. ती कोबी किसायला लागली. बायकोचा पाठिंबा आहे.

लव्हर्नबाई, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या, पहिल्या. घोट घेतला, ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाल्या, वेगळंच आहे हं. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवणारा गॉर्डीही तेच म्हणाला. वेगळंच आहे. सगळ्यांना वेगळेपणा जाणवला! माझा स्वतःचा ग्लास अर्धाच राहिला. कामाची गडबड.

३ मार्च, शुक्रवार.

लव्हर्नबाईंनी पाणी मागितलं. गॉर्डीने बिअर. अर्डिस म्हणाली, रॉली, गॉर्डीने गेल्या वेळी बिअर मागितली ना, तेव्हा त्याची बायको गेली होती. मी म्हटलं, चव बदलताना जीभ रिकामी करावी लागते. हे मला आत्ताच सुचलं. बरं आहे. पाटी लिहून लावावी.

सासरेबुवा काठी टेकत आले. पुढ्यात व्हिस्की ठेवली. म्हणाले, वेगळंच आहे. मग बराच वेळ खिडकीतून गोठलेल्या तळ्याकडे बघत बसले. भारावले असावेत.

माझ्या ग्लासातलं उरलेलं खिडकीतल्या कुंडीत ओतलं. ॲसिडिटी.

१० मार्च, शुक्रवार.

यश! आत जागा असूनही लोक बाहेर थांबलेत. पार्किंगमध्ये गॉर्डीच्या पिकअपभोवती पंधरावीस जण, भर थंडीत. आत आले ते गाल लाल, हसतखिदळत, अंगाला संत्र्याचा वास. नुसत्या अपेक्षेनेच माणूस किती खुलतो! बारवर मात्र कुणी काही मागितलं नाही. सरळ टेबलावर गेले आणि मासे खाल्ले.

१७ मार्च, शुक्रवार.

बाहेरची गर्दी वाढली. संत्री संपली. अर्डिसला विचारलं, तर म्हणाली, सॅलडमध्ये घातली. आमच्या सॅलडमध्ये संत्रं कधीपासून? चेरीची बरणीही अर्धी झालीय. त्याबद्दल मात्र चौकशी केली नाही. त्यात माझाही हात आहे.

तळघरात ब्रँडीचे खोके हलके लागले. पिंपातली दारू हळूहळू उडून जाते असं ऐकलंय. बाटलीतलीही उडत असणार. मग हिला दर्जा कुठला!

कुंडीतलं झाड वाळतंय. ऊन कमी पडतं.

३१ मार्च, शुक्रवार.

बारवर मी एकटा. दहा ग्लास पुसून ठेवले, मग तेच पुन्हा पुसले. खिडकीतून बघितलं तर लव्हर्नबाई पिकअपपाशी हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि सगळे पोट धरून हसत होते. इतक्या वर्षांत मला त्यांनी एकही गोष्ट सांगितलेली नाही. काय करावं कळत नाही. खरंच कळत नाही. चेरी मोजणं सोडलं.

७ एप्रिल, गुड फ्रायडे.

ठरवलं, आज स्वतः बाहेर जाऊन लोकांना मानाने आत बोलवायचं. कोट चढवला, गेलो.

पिकअपची मागची फळी पाडलेली. तिच्यावर आमच्या तळघरातल्या बाटल्या, आमची संत्री, आमची चेरीची बरणी. पुढच्या सीटवर पायावर गोधडी घेतलेले सासरेबुवा. मांडीवर ट्रे, हातात लाकडी दांडका, संत्रं चेचतायत. डॉक्टरांनी उभं राहू नका म्हटलं होतं, बसून चालतं! आणि ॲप्रन घातलेली माझी अर्डिस ग्लास वाटतेय.

गॉर्डी टोपी चाळवत म्हणाला, रॉली, तुला वाईट वाटू नये म्हणून रे. अर्डिस म्हणाली, मी तुला सांगणारच होते, पण तू इतका खुशीत होतास. लव्हर्नबाई म्हणाल्या, पोरा, आत येऊन मासे तर खातो ना आम्ही.

मला रडू येईल असं वाटलं. त्यात तो संत्र्याचा वास. खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही: मला व्हिस्की आवडत नाही. कधीच आवडली नाही. कडू लागते, घसा जळतो. लग्नाआधी या दारात पहिल्यांदा आलो, तेव्हा केंटकीचा म्हणून रुबाबात मागितली, आणि मग मागे फिरता येईना. मनाशी ठरवलं, आता संपलं. सासरेबुवांनी विचारलं, काय घेणार, की सांगायचं: ब्रँडी, गोड, चेरी दोन.

सासरेबुवांनी माझ्याकडे बघितलं. सीटखालून एक वेगळी बाटली काढली. ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला.

व्हिस्की. साखर कमी. बाकी काही नाही.

म्हणाले, इतकी वर्षं विचारत होतो, म्हटलं एक दिवस शहाण्यासारखं काहीतरी मागशील. पण तू त्या व्हिस्कीपायी माझा बार बुडवायला निघालास! तेव्हा पटलं, की याला मनापासून हेच आवडतं. आता नाही विचारणार. घरच्या माणसाला काय विचारायचं?

हातमोज्यांनी टाळ्या वाजल्या. लव्हर्नबाईंनी डोळे पुसले. अर्डिसने माझा दंड घट्ट धरला.

सगळा ग्लास संपवला. कुंडी आत होती.

९ एप्रिल, ईस्टर.

किल्ल्या अर्डिसला. ब्रँडी पुन्हा फळीवर. मी स्वयंपाकघरात, कोबी किसायला. तात्पुरता.

चेरीची बरणी आता बारमागे, अर्डिसच्या नजरेसमोर.

संध्याकाळी बाहेर येऊन बसलो. सासरेबुवांनी न विचारता माझ्यापुढे ग्लास ठेवला. प्यायलो. उद्याही ठेवतील.